कमी पडलेला पैसा शेवटी कोण भरतं?

बाळ दवाखान्यात जन्मून घरी आलं की तिसऱ्या दिवशी दारात एक बाई येते. बाळाचं वजन करते, अंगात ताप आहे का पाहते, पाजताना त्रास होतो का ते आईला विचारते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा येते. तुमच्याही घरी ती आली असेल. काही घरांत तिला ‘आशाताई’ म्हणतात, काही घरांत ‘सुईवाली’. खरं तर सुई आम्ही टोचत नाही, ते नर्सबाईंचं काम. आम्ही फक्त बाळाला सुईपर्यंत घेऊन जातो.

कोकणात खाडीकाठच्या एका गावात आम्ही तिघी आशा आहोत. आमच्या वाट्याला तीन मोहल्ले आणि चार वाड्या येतात. वर सांगितलेल्या सहा फेऱ्यांचे मिळून आम्हाला २५० रुपये मिळतात. जननी सुरक्षा योजनेत बसणाऱ्या बाईला सरकारी दवाखान्यात प्रसूतीसाठी नेलं तर खेड्यात ६०० रुपये. ही योजना आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांसाठी आहे. म्हणजे ज्या घरचा मुलगा आखातात नोकरीला आहे, त्या घरची सून बहुधा यादीत बसत नाही. पण रात्री कळा सुरू झाल्या आणि घरात फक्त सासू असली, तर फोन आम्हालाच येतो. अशा वेळी यादी कोण बघतं? चप्पल घालून निघतोच.

हा हिशेब रडगाणं म्हणून सांगत नाही. दवाखान्याचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो, हे बहुतेक घरांत ठाऊक नसतं, म्हणून सांगतो.

घरातलंच उदाहरण घेऊ. दोन भाऊ मिळून आईचं औषधपाणी करतात. थोरला शंभरातले ७५ घालायचा, धाकटा २५. एक दिवस थोरला म्हणाला, आता मी ६०च घालणार, उरलेले तू बघ. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं असंच झालं. २०१५-१६ पासून केंद्राचा वाटा ७५ वरून ६० टक्क्यांवर आला आणि राज्याचा २५ वरून ४० वर गेला. वाटणी बदलली म्हणून आईचं दुखणं काही कमी होत नाही. केंद्राकडून आशांना मिळणारी महिन्याची ठरलेली रक्कम २०१८ मध्ये १००० वरून २००० झाली. पुढची सुमारे सात वर्षं ती तिथेच होती. २०२५ मध्ये ती ३५०० करण्याचं जाहीर झालं. मधल्या काळात तेल, डाळ, रिक्षाभाडं, काहीच थांबलं नव्हतं.

म्हणून आमचं मागणं धाकट्या भावाकडे, म्हणजे राज्य सरकारकडे आहे. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्याचाच विषय. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं तर राज्यांना सांगितलं होतं, की २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकातला ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर घाला. महाराष्ट्र अजून त्याच्या बराच खाली आहे. पण मनात आणलं तर होतं, हेही आम्ही पाहिलं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. आता केसपेपर फुकट आहे. तो लिहून घ्यायला आणि रुग्णाला तपासायला माणसंही हवीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यभरातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. नोव्हेंबरमध्ये आशांना महिना ७००० रुपये वाढीची घोषणा झाली, संप मिटला. पण लेखी शासन निर्णय काही निघेना. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा काम थांबलं, मुंबईच्या आझाद मैदानावर बायका येऊन बसल्या. शेवटी मार्चमध्ये ५००० रुपये वाढीचा निर्णय झाला. घोषणेपेक्षा कमी, पण कागदावर आला.

संपाचे ते दिवस आम्हाला सोपे गेले नाहीत. मोहल्ल्यात एका भाभीचे दिवस भरत आले होते, पायांना सूज होती, रक्तदाब वाढलेला. नवरा दम्माममध्ये. तिची सासू आमच्यातल्या एकीकडे आली आणि म्हणाली, “बेटा, तुम्ही तर सवाबाचं काम करता. मग संप कशाला?”

आम्ही म्हटलं, “खाला, सवाब अल्लाह देईल. पण मुलांची फी आणि गॅसचा सिलिंडर सवाबावर येत नाही.”

खाला गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “ते खरं. पण आमच्या सुनेचं काय?”

त्या रात्री आम्ही तिघींनी बसून ठरवलं. रजिस्टर, सर्वेक्षण, ऑनलाइन नोंदी, बैठका, सगळं बंद. पण बाळंतपण अडलं किंवा जीवावर बेतलं, तर कुणाची सून असो, जायचं. दोन दिवसांनी १०८ बोलावून भाभीला तालुक्याच्या गावी नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. परतीच्या रिक्षाचे पैसे आमच्यातल्या एकीनं दिले. आणि हेच मुख्य सांगायचं आहे. वरून पैसा कमी झाला म्हणजे खर्च नाहीसा होत नाही. तो खाली सरकत येतो आणि कुणाच्या तरी बटव्यातून जातो. कधी आमच्या, कधी तुमच्या.

काही जण म्हणतात, आपल्याकडे आखाताचा पैसा येतो, खासगी डॉक्टर आहेत, सरकारी दवाखान्याची गरज काय? गरज आहे. बाहेरून आलेल्या पैशानं एका घराचं ऑपरेशन होतं, पण मोहल्ल्याला गोवर येण्यापासून तो पैसा वाचवत नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली. तेव्हा उपयोगी पडलं ते घरोघर फिरून लस न घेतलेली मुलं शोधणं. तपासणीची फी भरून ते काम विकत मिळत नाही. त्यासाठी रोज फिरणारं माणूस लागतं आणि त्या माणसाचा मोबदला वेळेवर लागतो.

सरकारकडे आमचं मागणं थोडकं आहे. केंद्राचा पैसा उशिरा आला किंवा कमी आला, तर राज्यानं आपल्या तिजोरीतून ती जागा भरावी, आणि मोबदला दर महिन्याच्या ठरल्या तारखेला द्यावा.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते आणि तिला गावासाठी वर्षाला १० हजार रुपयांपर्यंतचा निधी मिळू शकतो. यंदा तो आला का, कशावर खर्च झाला, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. बायकांनी विचारा. आम्ही विचारलं तर आमच्या पगाराचं गाऱ्हाणं समजतात. तुम्ही विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.