मेंबरबाईंचे पत्रक

दिवाळी जवळ आली की आमच्या दाराच्या फटीतून कागद आत येऊ लागतात. तयार फराळाचे दरपत्रक, कापडाच्या सेलची जाहिरात, नव्याने दवाखाना थाटलेल्या कुणा दंतवैद्याचे निमंत्रण, आणि या सर्वांत जाड, गुळगुळीत व रंगीबेरंगी असा कागद असतो तो लोकप्रतिनिधींचा. मला हे कागद वाचायला आवडतात. घरच्या मंडळींना यात माझा रिकामटेकडेपणा दिसतो. पण गुळगुळीत कागद तेल पीत नाही, त्यामुळे चकल्या निथळायलाही तो कामाचा नाही. मग वाचण्यावाचून त्याचा दुसरा उपयोग तरी काय?

अशी पत्रके पुष्कळ वाचली म्हणजे त्यांची एक ठराविक बांधणी ध्यानात येते. वर हात जोडलेला फोटो, त्याच्याहून मोठे पुढाऱ्यांचे फोटो, मग 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा', आणि खाली केलेल्या कामांची यादी. या यादीत जे जे डोळ्यांना दिसते ते सारे असते. पेव्हिंग ब्लॉक असतात, चौकातला उंच दिवा असतो, प्रवेशद्वाराची कमान असते आणि सिमेंटची बाकडी तर असतातच. बाकड्याच्या पाठीवर 'अमुक यांच्या निधीतून' असे रंगवलेले असते. आपण टेकलो की ते नाव आपल्या पाठीखाली दडते, तेवढाच काय तो त्यात विनोद. गटारे मात्र या यादीत फारशी नसतात. झाकलेले गटार उत्तम वाहत असले तर कुणाला दिसणार, आणि तुंबले तर त्याचे श्रेय कोण घेणार?

२०१९ च्या दिवाळीत मात्र आमच्या वॉर्डात एक वेगळाच कागद आला. साध्या पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे, फोटो नाही. आमच्या मेंबरबाईंचा होता तो. गावाचे आणि बाईंचे नाव मी सांगत नाही. गाव लहान आहे, आणि बाईंना आपले नाव छापून आलेले आवडत नाही. मेंबर माणसाच्या अंगी हा गुण दुर्मिळ, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

बाई मेंबर झाल्या २०१६ च्या निवडणुकीत. २०११ पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखून ठेवल्या आहेत; त्या हिशेबाने आमचा वॉर्ड बायकांकडे गेला आणि शिवणकाम करणाऱ्या बाई नगरपालिकेत जाऊन बसल्या. पहिले सहा महिने लोक त्यांच्या दारात उभे राहून "साहेब आहेत का?" असे विचारीत. 'साहेब' म्हणजे बाईंचे यजमान. ते बिचारे एस.टी.तून निवृत्त झालेले, सकाळी भाजी निवडत बसलेले असत. ते म्हणत, "साहेब आत मशीनवर बसल्या आहेत."

त्या पावसाळ्यात आमच्याकडे डेंग्यूची साथ आली होती. घराघरांत ताप, अंगदुखी आणि डोळ्यांच्या मागे ठणका. आमच्या शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा आठ दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात होता. रोज संध्याकाळी त्याच्या आजीला कुणीतरी फोनवरून 'प्लेटलेट' किती झाल्या ते सांगे. आजींना अक्षरओळख बेताचीच, पण तो आकडा त्या रोज भिंतीवर कोळशाने मांडून ठेवीत. चौथ्या दिवशी त्यांनी काहीच मांडले नाही, तेव्हा आम्ही कुणी काही विचारले नाही. पाचव्या दिवशी आकडा वाढला. पोरगा घरी आला, अंगाने अगदी काटकुळा होऊन. मागच्या गल्लीत मात्र एका घरातली तरुण सून त्यातून उठली नाही.

बाईंच्या पत्रकात हे सगळे होते. वॉर्डात किती घरांत ताप आला तो आकडा होता, एक मृत्यू झाल्याचे होते, आणि 'आशा' कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन बाईंनी घरोघर जी भांडी तपासली त्यांचा हिशेब होता. कोणत्या भांड्यांत अळ्या सापडल्या ते स्पष्ट लिहिले होते: झाकण नसलेली पिंपे, अंगणातले जुने टायर, कुंड्यांखालच्या बशा, कूलर, आणि फ्रीजच्या मागे पाणी साठते ती ताटली. त्याच्या खाली एक ओळ होती: 'अळ्या सापडलेल्या घरांत माझे घरही आहे. फ्रीजची ताटली.'

ही ओळ वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. मते मागून जगणाऱ्या माणसाने आपल्या घरातली अळी छापून वाटावी, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

या डासाचे चरित्र बाईंनी चार वाक्यांत दिले होते, आणि ते आमच्यातल्या पुष्कळांना नवे होते. आमची समजूत अशी की डास म्हणजे गटार, आणि गटार म्हणजे नगरपालिका. हा डास मात्र गटाराच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला स्वच्छ, साठलेले पाणी लागते. पायांवर पांढरे पट्टे असलेली याची मादी दिवसाढवळ्या चावते आणि भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेशी अंडी चिकटवते. भांडे नुसते उपडे केले तरी ती अंडी महिनोन्महिने कोरडी टिकतात आणि पाणी भरले की फुटतात. म्हणून भांडे घासायला हवे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. हा डास लांबही उडत नाही, दोन-चारशे मीटर फार झाले. म्हणजे जो आपल्याला चावतो तो बहुधा आपल्याच आळीत जन्मलेला असतो.

लोकांना हे मुळीच रुचले नाही. त्यांना हवी होती धुराची गाडी. धुराच्या गाडीत मोठी शोभा असते हे मीही कबूल करतो. संध्याकाळच्या वेळी ती फटफट आवाज करीत येते, पांढरे लोट उठतात, पोरे ओरडत मागे धावतात, म्हातारी माणसे नाकाला पदर लावून समाधानाने म्हणतात, "आज बंदोबस्त झाला हो." पण त्या धुराने उडते डास मरतात, पिंपातली अळी आपली मजेत पोहत राहते आणि आठवडाभराने पंख फुटून बाहेर येते. बाईंनी गाडी आणवली ती फक्त रुग्णांच्या घरांच्या आसपास. बाकी जोर त्यांनी लावला तो गप्पी माशांवर. हिवताप कार्यालयातून मासे आणून त्यांनी पडक्या वाड्यांतले हौद आणि वापरात नसलेल्या विहिरी यांत सोडले. गप्पी अळ्या खाते आणि अंडी न घालता थेट पिले देते, त्यामुळे एकदा सोडली की तिचा संसार आपोआप वाढतो. पण विहिरीच्या तळाशी चाललेला हा कारभार कुणाला दिसणार? त्याच्यावर नाव तरी कुठे रंगवणार?

पत्रक वाटले त्या संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर दहा-बारा माणसे जमली. मीही गेलो होतो, थोडा कुतूहलाने. शेजारच्या आजी आधी बोलल्या. "अगं, सणासुदीच्या कागदावर मेल्याचा आकडा कशाला घातलास? लक्ष्मी यायची वेळ ही."

"आजी, न घालून काय झालं असतं? त्या घरात या वर्षी आकाशकंदील नाही, ते साऱ्या गल्लीला दिसतंच आहे ना?"

आजी गप्प झाल्या. मग एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "आम्ही पिंपं भरून ठेवतो ती हौसेनं नाही, ताई. तुमचं पाणी तिसऱ्या दिवशी येतं. रोज द्या, एक भांडं भरून ठेवणार नाही."

मला वाटले, आता बाई अडकल्या. बाईंनी पत्रक उलटे केले. मागच्या बाजूला तेच लिहिले होते: पाणी तिसऱ्या दिवशी येते, मुख्य जलवाहिनी जुनी व गळकी आहे, नवीचा प्रस्ताव पालिकेत पडून आहे, तोवर लोकांना पाणी साठवावेच लागणार आणि हा दोष पालिकेचा आहे. शिवाय नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. शेवटच्या गल्लीत दोनदा पाणी तपासले तेव्हा ते पिवळे झाले नाही, म्हणजे क्लोरीन उरले नव्हते, हेही होते. गृहस्थांनी ते वाचले आणि म्हणाले, "मागचं पान कोण वाचतो?" एकजण हसला, मग सगळेच हसले.

घरी येताना मला डॉक्टर अकासिओ व्हिएगश यांची आठवण झाली. हे मूळचे गोव्याच्या हडफड्याचे. मुंबईत डॉक्टरी करीत आणि महापालिकेचे सभासदही होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातल्या रोग्यांना तपासून त्यांनी ओळखले की हा प्लेग आहे, आणि ते त्यांनी पालिकेच्या स्थायी समितीत उठून सांगितले. तेही शेवटी आपल्या वॉर्डाच्या प्रकृतीचे निवेदनच. व्यापाराच्या शहरात 'प्लेग' हा शब्द उच्चारणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसेल असे थोडेच? पुढे इतर तज्ज्ञांनीही तेच निदान केले, हाफकिन मुंबईस आले, १८९७ च्या जानेवारीत त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि व्हिएगशांनी हजारोंना लस टोचली. लाखो माणसे तोवर शहर सोडून गेली होती. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला तो याच धामधुमीत. २०२० साली करोनाच्या वेळी तोच पुन्हा बाहेर काढावा लागला. व्हिएगश १९०६ साली महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाला त्यांचा पुतळा आहे. मेट्रो सिनेमाकडे जाणारी किती माणसे वर पाहतात कोण जाणे.

आमच्या मेंबरबाई अध्यक्ष वगैरे काही झाल्या नाहीत. २०२० च्या दिवाळीत पत्रक हातोहात वाटता येईना, तेव्हा त्यांनी पाण्याच्या टाकीजवळ शाळेतला एक जुना फळा टांगला आणि त्यावर खडूने रोजचा मजकूर लिहू लागल्या: कुठे ताप आहे, तपासणी कुठे होते, पाणी कधी येईल. लोक त्या फळ्यापुढे मुसक्या बांधून लांब लांब उभे राहून वाचीत. २०२१ च्या अखेरीस मुदत संपली. निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, त्या जवळजवळ चार वर्षे. नगरपालिकेवर प्रशासक आले. प्रशासकांविरुद्ध माझी तक्रार नाही. कामे होत होती, बिले निघत होती. पण फळा कोरा राहिला. पुढे त्यावर कुणी क्लासची जाहिरात चिकटवली. तापाची बातमी आम्हांला पुन्हा वाण्याच्या दुकानात कळू लागली, आणि तिथे ती उधारीप्रमाणे वाढूनच मिळते.

२०२५ च्या डिसेंबरात निवडणूक झाली. वॉर्डाचे आरक्षण बदलले होते; बाई उभ्या राहिल्या नाहीत. निवडून आला तो पंचविशीचा, उत्साही मुलगा. त्याचा पहिला कागद गुळगुळीतच होता आणि त्यावर धुराच्या गाडीसमोर उभ्या असलेल्या त्याचा फोटो होता. पण मुलगा वाईट नाही. मी बाईंकडे कोपरीची बाही उसवली होती ती द्यायला गेलो होतो, तेव्हा तो तिथे बसला होता. गप्पी मासे कुठून आणायचे ते विचारीत होता.

बाईंनी मशीन थांबवले नाही. म्हणाल्या, "मासे मिळतील रे. तू आधी घरी जा आणि फ्रीज पुढे ओढ."