पूररेषेखालच्या खिडक्या

सांगली, मंगळवार, 20 ऑगस्ट 2019

राखी आज बांधली. पौर्णिमा 15 तारखेला झाली, पण तेव्हा दादाच्या दारात गुडघाभर गाळ होता आणि मी निघते म्हटलं की तोच फोनवर नको म्हणायचा. ओवाळायला निरांजन सापडलं नाही. वहिनीने वाटीत तेलवात लावली.

गावभागातलं हे माझं माहेर. 2005 च्या पुरात पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन फिरलं होतं. या वेळी ते खिडक्यांच्या वरच्या गजाला टेकलं. पावसाळ्यात सांगलीत कोणी भेटला की आधी विचारतो, "आयर्विनला किती?" 1929 सालचा तो पूल हीच आमची मोजपट्टी. तिथे धोक्याची पातळी 45 फूट, आणि यंदा कृष्णामाई 57 च्या वर गेली.

गाद्या, धान्य, पुस्तकं आठवडाभरात बाहेर निघाली. खिडक्यांकडे बघायला कोणाला सवड नव्हती. तावदानांवर गाळ असा बसलाय की भर दुपारी दिवा लावावा लागतो. वहिनी म्हणाली, "वन्सं, उजेड आला की निम्मं घर आल्यासारखं वाटेल." म्हणून खिडक्या मी घेतल्या. पाच खिडक्या, प्रत्येकीला सहा तावदानं.

भाच्याने काल माजघरातलं एक तावदान तारेच्या घासणीने कोरडंच घासून काढलं होतं. गाळ निघाला, पण काचेवर बारीक गोल ओरखडे उमटले. बिचाऱ्याने जीव तोडून घासलं होतं. त्याला जवळ बसवून सांगितलं, की पुराच्या गाळात नुसती माती नसते, वाळूचे कण असतात. काच वाळूपासूनच होते आणि वाळूनेच ओरखडते. म्हणून पहिला हात फडक्याचा नाही, पाण्याचा. तांब्याने वरच्या कडेपासून पाणी सोडायचं, गाळ भिजून आपोआप सुटू द्यायचा, बोटाला कचकच लागायची थांबेपर्यंत काचेला काही लावायचं नाही.

पण पाणी तरी कुठे आहे! नळ बंद. टँकर दिवसातून एकदा येतो आणि त्याच्यापुढे हंडे-बादल्यांची रांग लागते. ज्या घराला पाण्याने बुडवलं, ते धुवायला पाणी मागून आणायचं. तीन बादल्यांत एक खिडकी झाली.

बुधवार, 21 ऑगस्ट

सकाळी उठून बघते तर काल लख्ख झालेल्या काचेवर पांढरे ठिपके आणि वरून खालपर्यंत ओघळ. मन फार खट्टू झालं. वहिनीला वाटलं, साबण राहिला असेल. पुन्हा पुसलं, ठिपके तसेच.

जीभ लावायची सोय नव्हती, पण टँकरच्या बादलीचा तळ पाहिला आणि उलगडा झाला. तिथेही तोच पांढरा थर. टँकर बोअरचा. इकडच्या काळ्या मातीत चुनखडी, तिच्यातून मुरलेलं पाणी जड. काचेवर थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि चुना काचेवर राहतो. त्यात सगळीकडे मारलेली ब्लीचिंग पावडर. तिच्यातही चुनाच. आपण डाग पुसतोय असं वाटतं आणि प्रत्येक थेंब नवा डाग मांडत जातो.

दुपारी शेजारून दोन लिंबं आणली. रस पाण्यात घालून फडकं भिजवलं, ठिपक्यांवर दोन-तीन मिनिटं नुसतं धरून ठेवलं. आंबटाने चुना विरघळतो, घासावा लागत नाही. व्हिनेगर मिळालं असतं तर तेही चाललं असतं. पण लिंबाचं पाणीही काचेवर वाळू द्यायचं नाही, लगेच धुवायचं. धुवायचं कशाने, हा प्रश्न रात्री झोपेपर्यंत डोक्यात होता.

गुरुवार, 22 ऑगस्ट

उत्तर वरून आलं. पहाटे सर आली. पन्हळीखाली घागर, दोन बादल्या, कुकरचं भांडं, जे हाताला लागलं ते ठेवलं. पहिलं पाणी छपरावरची धूळ घेऊन येतं, ते सोडून दिलं, मग धरलं. पावसाच्या पाण्यात चुना नसतो. गाळ काढायला टँकरचं पाणी आणि शेवटचा हात फक्त पावसाच्या पाण्याचा, असं ठरवलं आणि काम एकदम सुटलं.

क्रम लिहून ठेवते, वहिनीने मागितलाय. गाळ सुटला की अर्ध्या बादलीत भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब, जास्त नाही. फेस जितका जास्त, तितके फराटे, कारण न धुतलेला साबणच वाळून फराटा होतो. पुराच्या पाण्यात कुठलं कुठलं तेल मिसळलेलं असतं, त्याचा चिकट थर काचेवर बसतो. तेवढ्यासाठी चिमूटभर धुण्याचा सोडा, हातात रबरी मोजे. मग पावसाच्या पाण्याने धुणं. मग हातातला लहान रबरी वायपर. आधी काचेची वरची कड कोरड्या फडक्याने बोटभर पुसून घ्यायची. रबर ओल्या जागी टेकवलं तर तिथूनच ओघळ सुटतो, कोरड्या जागी टेकवलं तर सुटत नाही. तिथून खाली एका दमात ओढायचं, मध्ये थांबायचं नाही. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं आणि पुढची ओढ मागचीवर दोन बोटं चढवायची. शेवटी फक्त कडा आणि खालचं लाकूड, दादाच्या जुन्या पंच्याने. नवं कापड तंतू सोडतं. शंभरदा धुतलेलं सुतीच हवं.

आणखी एक. बाहेरून उभं ओढायचं, आतून आडवं. म्हणजे फराटा राहिलाच तर तो कोणत्या बाजूचा, हे बघताक्षणी कळतं, दोन्ही बाजू पुन्हा पुसत बसावं लागत नाही. आणि काचेवर ऊन असताना हात लावायचा नाही. पाणी ओढण्याआधीच वाळतं.

पहिल्या खिडकीला माझी सकाळ गेली होती. आज चौथी खिडकी भाच्याने आणि मी मिळून वीस मिनिटांत केली. संध्याकाळी माजघरात उजेड आला. भिंतीवरची ओलीची रेघ स्पष्ट दिसायला लागली, छातीच्याही वर. वहिनी बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली.

शनिवार, 24 ऑगस्ट

परतीची गाडी. कराड स्टेशन आलं की माझी मान आपोआप खिडकीबाहेर जाते. स्टेशन कराडचं म्हणायचं, पण आहे ओगलेवाडीत. इथे ओगले बंधूंनी 1916 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आधाराने काचेचा कारखाना उभा केला आणि पुढे प्रभाकर कंदील घरोघर नेला. त्याआधी कंदील बहुतेक परदेशीच. कारखाना बंद पडून आता पुष्कळ वर्षं झाली.

सांगलीच्या घरात आई रोज दिवेलागणीआधी कंदिलाची काच पुसायची. आधी कागदाच्या बोळ्याने कोरडी काजळी काढायची, मग चुलीतली वस्त्रगाळ राख, मग तोंडाने वाफ देऊन मऊ चिंधी. राख आधी गाळून घेतल्याशिवाय ती काचेजवळ नेत नसे. एक खडा राहिला तर काच गेली, म्हणायची. राखेत क्षार असतो, तो काजळीचा तेलकटपणा उचलतो, हे मला पुष्कळ वर्षांनी शाळेत शिकवताना कळलं. तिला तो खडा माहीत होता. भाच्याला घासणीबद्दल बोलले तेव्हा तिचंच वाक्य माझ्या तोंडी आलं होतं.

सातारा, रविवार, 13 ऑक्टोबर

कोजागरी. दुधाच्या तयारीआधी आमच्या खिडक्या पुसायला काढल्या, दिवाळीचा हात आजच फिरवला. आमच्या पेठेत कासचं पाणी येतं. कास तलाव पठारावर, तिथे पाऊस जांभ्यावरून आणि गवतातून येतो, चुन्याशी त्याची फारशी गाठ पडत नाही. नळाचं पाणी काचेवर वाळलं तरी ठिपका धरत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, माझा हात चांगला आहे. चांगलं पाणी होतं.

इथला त्रास निराळा. चार महिने अजिंक्यताऱ्यावर ढग टेकलेले, लाकडी झडपा फुगलेल्या, काचेच्या कडेला हिरवी बुरशी. ती दात घासायच्या जुन्या ब्रशने आधी काढली, कोपरे पहिले आणि काच नंतर, नाहीतर कोपऱ्यातला मळ स्वच्छ काचेवर ओघळतो. वर्तमानपत्राचा बोळा शेजारच्या काकू अजून वापरतात आणि त्यांची काच चमकतेही. माझ्या हाताला शाई लागते आणि पांढऱ्या चौकटीला काळं होतं, म्हणून मी पंच्यावरच थांबले.

सात खिडक्या, पाऊण तास. रात्री चंद्र तावदानातून आत आला तेव्हा मध्ये काच आहे हे कळत नव्हतं. सांगलीला फोन लावला. दादा गच्चीत होता, त्याच्याकडे ढग.

शुक्रवार, 25 ऑक्टोबर

धनत्रयोदशी, आणि पाऊस अजून जायचं नाव घेत नाही. पणत्या आत ओट्यावर लावल्या.

भाच्याचा फोन. ते ओरखड्यांचं तावदान त्याने आपल्या हाताने काढलं. जुनं लुकण पात्याने खरवडलं, बाजारातून काच मापाने कापून आणली, नवं लुकण भरलं. दादा म्हणत होता, राहू दे, दिवाळीनंतर बघू. त्याने ऐकलं नाही. फोनवर विचारत होता, "आत्या, काचेवर बोटांचे ठसे राहिलेत. आत्ता पुसू का?"

म्हटलं, लुकण आठ-पंधरा दिवस तरी धरत नाही, कडेला हात लावू नकोस. मधल्या ठशांवर ओलं फडकं हलकेच फिरव, पाणी ओतू नको. कडा तुळशीच्या लग्नाला पूस.

"पावसाचं पाणी भरून ठेवलंय," म्हणाला. "दोन कॅन."