मधे येणारं क्रियापद

"तू आमच्यात इंटरफिअर करू नकोस." मराठी घरांत हे वाक्य आता चांगलंच रुळलंय. लेक आईला तोंडावर सांगते. सून सासूला सांगत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते वाचता येतं. इंग्रजीतून म्हटलं की बोलणं कमी लागतं, असा आपला समज असावा. गंमत अशी, की हा शब्द मुळातच लागण्याचा आहे.

लॅटिनमध्ये 'फेरिरे' म्हणजे मारणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला 'मधे, परस्परांत' या अर्थाचा उपसर्ग लागला आणि 'एकमेकांना मारणं' असं क्रियापद झालं. पंधराव्या शतकात ते इंग्रजीत उतरलं ते थेट तबेल्यात. चालताना घोड्याचा एक खूर त्याच्याच दुसऱ्या पायाला आतून लागतो, घासतो, कधी रक्त काढतो. असा घोडा 'इंटरफिअर' करतो. म्हणजे या गोष्टीत तिसरा कोणी नाहीच! दोन्ही पाय त्याचेच. घोडा दमलेला असतो, छातीला अरुंद असतो, नाहीतर नाल धड बसलेली नसते. इंग्रजी बोलणारे नालबंद आजही हाच शब्द वापरतात आणि घोड्याला बोल लावत नाहीत. नाल बदलतात, पायाला पट्टा बांधतात. माणसांत आल्यावर मात्र शब्दाला एक तिसरा लागला, आणि सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटू लागलं.

रोमनांकडे मधे येण्याला मानाचा शब्द होता, 'इंटरसेशियो'. सामान्य प्रजेचा प्रतिनिधी म्हणजे ट्रिब्यून; तो अधिकारी आणि नागरिक यांच्या मधे स्वतः जाऊन उभा राही आणि हुकूम अडवी. त्याच्या अंगाला हात लावणं पाप. त्याच्या घराचं दार रात्रीही उघडं असे, कारण संकट वेळ बघून येत नाही. 'इंटरसीड' हे इंग्रजी क्रियापद या कुळातलं, दुसऱ्यासाठी रदबदली करणारं. मला ते जास्त आवडतं. पण आपण उचललं ते तबेल्यातलं.

त्या तबेल्यातल्या शब्दाचे पांग फेडले थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरानं. 1801 च्या सुमारास त्यानं तो प्रकाशाला लावला. दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की कुठे उजेड वाढतो, तर कुठे दोन उजेड मिळून चक्क अंधार होतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला 'व्यतिकरण' म्हणतात; परीक्षेपुरतं पाठ करून विसरण्याजोगा शब्द, आणि ते वाईट झालं. कारण इथेही तिसरा कोणी नाही, आणि नुकसानही नाही. काळ्या पट्ट्यात कमी पडलेला प्रकाश शेजारच्या उजळ पट्ट्यात जमा झालेला असतो.

पावसाळ्यात पेट्रोलपंपाजवळच्या डबक्यावर तेलाचा पातळ तवंग पसरतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, म्हणून त्यात ते जांभळे-हिरवे रंग दिसतात. पुढच्या वेळी कोणी 'इंटरफिअर करू नकोस' म्हणून बाहेर काढलं, तर रस्त्यावर जाऊन ते जरूर बघा.