दर्या आणि दऱ्या : सी भाषेत मुरलेल्या एका नागपूरकराची पायथनशी ओळख

१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी गाविलगड जिंकला. दोनच दिवसांनी नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांना देवगावचा तह करावा लागला; कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख हातातून गेला. हा इतिहास या धाग्याच्या वाचकांना नवा नाही. आजची गोष्ट मात्र त्या गडावर लिहिलेल्या एका लेखाची आहे. तो लेख वीस वर्षांहून अधिक काळ संगणकात सुरक्षित होता, आणि तरीही कोणाला वाचता येत नव्हता.

लेखिका नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. १९९८ ते २००४ या काळात त्यांनी विदर्भातील किल्ले, तलाव आणि जुन्या वाड्यांवर विपुल लिहिले. गल्लीतल्या डीटीपीवाल्याने ते पेजमेकरमध्ये जुळवले. अंक छापले गेले, विकले गेले, विरले. उरल्या त्या फाइली. पुढे काचबिंदूने बाईंची दृष्टी मंदावली. मोबाइल मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो हे कळल्यावर त्यांनी मुलाकडे एकच मागणी केली: माझेच लेख मला ऐकव.

मुलाने फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांचा निव्वळ काला होता.

असे का व्हावे? त्या काळच्या पेजमेकरला एका फॉन्टमध्ये २५६ घरेच ठाऊक होती, आणि तीही रोमन अक्षरांसाठी आखलेली. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा ग, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच राहिला. डोळ्यांना तो मराठी भासे, एवढेच. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. वास्तविक १९९१ मध्येच भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली स्वीकारली होती, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणजे वाट अगोदरच आखलेली होती. छापखान्यांची घाई त्या वाटेने गेली नाही. त्यांना उद्याचा अंक काढायचा होता. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्यामुळेच ते लेख छापले गेले, हेही खरे.

मुलाचे वय पन्नाशीचे. पंचवीस वर्षे त्यांनी यंत्रांच्या आत चालणाऱ्या आज्ञावल्या सी भाषेत लिहिल्या होत्या. फाइली तीनशेच्या आसपास. त्यांनी वहीत आराखडा काढला: एकेक बाइट वाचायचा, स्थिती लक्षात ठेवायची, मेमरी मागायची, परत करायची. दोन आठवड्यांचे काम. अभियांत्रिकी शिकणारी भाची वहीत डोकावून म्हणाली, “मामा, पायथनमध्ये हे चाळीस ओळींत होईल.”

मामांना ते रुचले नाही. स्क्रिप्ट लिहिणे म्हणजे खरे प्रोग्रामिंग नव्हे, ही त्यांच्या पिढीची धारणा. या धारणेलाही इतिहास आहे. १९९८ मध्ये जॉन औस्टरहाउट यांनी एका गाजलेल्या लेखात दोन प्रकारच्या भाषांचा भेद मांडला: एक भाषा यंत्रणा मुळापासून उभारण्यासाठी, दुसरी तयार भाग एकमेकांना जोडण्यासाठी. दुसरीला त्यांनी कमी लेखले नव्हते. उलट तिचे महत्त्व वाढत जाईल असेच त्यांचे म्हणणे होते. परंतु अनेक जाणकारांच्या मनात ‘जोडणारा’ हा ‘उभारणाऱ्या’च्या खालच्या पायरीवरच राहिला.

ही अढी सुटली ती एका नावामुळे. मामांच्या टेबलावर कर्निगन आणि रिची यांचे १९७८ सालचे सी भाषेवरील पुस्तक कायम असे. त्यांच्यासाठी ती पोथीच. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, बेल लॅब्जमध्ये ‘ऑक’ नावाची एक छोटी भाषा जन्मली. मजकुराची ओळ वाचा, खूण जुळली तर काम करा, पुढे चला, एवढाच तिचा व्यवहार. अनेकदा एका ओळीत कार्यभाग उरकतो. तिचे नाव तीन आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले: एहो, वाइनबर्गर आणि कर्निगन. तेच कर्निगन! पोथी लिहिणाऱ्यालाच किरकोळ कामासाठी किरकोळ भाषा हवीशी वाटली होती. त्या रात्री मामांनी पायथन उतरवून घेतली.

गीदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत जिची सुरुवात केली ती ही भाषा शिकायला सोपी, असे सर्वत्र सांगितले जाते. नवख्याला असेलही. जाणत्या माणसाला तिचे व्याकरण दोन दिवसांत येते; जड जाते ते हाताचे वळण मोडणे. मामा प्रत्येक अक्षरापाशी मोजणीचा आकडा ठेवून जात होते. घेतलेली मेमरी परत कुठे करायची, हे शोधत होते. महिरपी कंस नाहीत म्हणून अस्वस्थ होते. एकदा तीनशे फाइलींवर आज्ञावली चालवली, तेव्हा एकच फाइल तयार झाली, सर्वांत शेवटची. लिहिण्याची आज्ञा समासापासून चार मोकळ्या जागा सोडून द्यायची राहिली होती, त्यामुळे ती आवर्तनाबाहेर पडली. सी भाषेत मोकळ्या जागेला अर्थ नसतो. येथे तीच व्याकरण असते.

खरी परीक्षा अक्षरांची होती. त्या फॉन्टमध्ये ‘ग’ हे एक अक्षर नव्हतेच. अर्धा ग आणि उभा दंड मिळून तो होई. सुटे तुकडे आधी बदलले की पानभर ‘ग्’पुढे लोंबकळणारे काने दिसत. म्हणून मोठ्या जोड्या आधी, सुटे तुकडे मागाहून. ‘किल्ला’ शब्दातली वेलांटी फॉन्टमध्ये ‘क’च्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे उलट: ‘दुर्ग’मध्ये तो डोळ्यांना शेवटी दिसतो, पण उच्चारात आणि युनिकोडमध्ये ‘ग’च्या आधी येतो. ‘अर्ध्या’मध्ये तर त्याला काना, य आणि अर्धा ध ओलांडून मागे न्यावे लागते. हे सर्व नियम सी भाषेत पाने व्यापून बसले असते. येथे रेग्युलर एक्स्प्रेशनच्या मोजक्या ओळींत मावले. मामांनी भाचीला काही सांगितले नाही. वहीतला जुना आराखडा तेवढा फाडला.

पहिला लेख गाविलगडाचा. मोबाइल वाचू लागला, बाई डोळे मिटून ऐकू लागल्या. तिसऱ्या परिच्छेदाशी त्यांनी हात वर केला.

“अरे बाप्पा, मेळघाटात दर्या कुठून आला?”

मूळ वाक्यात गडाखालच्या दऱ्या होत्या. ‘दऱ्या’तील आडवा अर्धा र आणि ‘दुर्ग’वरचा रफार ही फॉन्टमधली दोन निराळी चिन्हे. दोन्ही अर्धे रच, म्हणून मामांनी दोहोंसाठी एकच संकेत लिहिला होता, आणि सातपुड्यात समुद्र शिरला. माणसाने वाचले असते तर संदर्भाने सावरून घेतले असते. यंत्राने लिहिले होते तेच वाचले. मराठीचा हा आडवा र साधण्यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ वेगळा आहे. बाईंनी तेथल्या तेथे दुसरी जोडी सांगितली: आचार्याला आणि आचाऱ्याला. एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याला स्वयंपाक सांगायचा. चौथीच्या वर्गाला शिकवल्यासारखे त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवले.

आज्ञावलीत एक ओळ वाढली. तीनशे फाइली पुन्हा चालवायला मिनिटभरही लागले नाही.

आता रोज संध्याकाळी एक लेख होतो. आज्ञावलीला न उमगलेल्या चिन्हांची वेगळी यादी निघते. मामा आजूबाजूचे शब्द वाचतात, बाई मधला शब्द भरतात. परवा सीताबर्डीच्या लढाईचा लेख ऐकताना त्या अडखळल्या आणि म्हणाल्या, हे वाक्य माझेच चुकले होते, दुरुस्त कर. मामांनी मूळ फाइलला हात लावला नाही. ‘आईची दुरुस्ती’ नावाचा नवा फोल्डर उघडला आणि त्यात पहिली प्रत ठेवली.