ऐन दिवाळीत क्यार

आमच्या गावाचे नाव माण. हे सांगितले की समोरचा गृहस्थ हळहळतो आणि म्हणतो, "अरेरे, फार दुष्काळ हो तुमच्याकडे!" त्याच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातला माण तालुका उभा असतो. आमचे माण ते नव्हे. ते पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात, हिंजवडीला खेटून वसले आहे. आणि येथे दुष्काळ असलाच तर तो मोकळ्या वेळेचा! जेथे शेते होती तेथे माहिती तंत्रज्ञान नगरीचा तिसरा टप्पा आला, काचेच्या इमारती उठल्या आणि त्यांच्या आसऱ्याने आमच्यासारखी शेकडो बिऱ्हाडे आली. सकाळी मोटारींच्या रांगेत उभे राहायचे, संध्याकाळी त्याच रांगेतून परतायचे. अशा गावच्या माणसाला दिवाळीच्या सुटीचे केवढे अप्रूप असते, ते निराळे सांगायला नको.

२०१९ साली मुलांनी तारकर्ली ठरवली. मालवणजवळच्या त्या किनाऱ्यावर समुद्राच्या पोटात बुडी मारून मासे बघता येतात. शेजारी देवबागेला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे एक बेट आहे, त्याला 'त्सुनामी आयलंड' म्हणतात, आणि तेथे पाण्यावरच्या खेळांची नुसती जत्रा असते. चिरंजीवांनी खेळांची यादी केली, कन्येने तिला क्रमांक दिले. आईंना सिंधुदुर्ग किल्ल्यातले शिवरायांचे मंदिर पाहायचे होते, आमच्या सौभाग्यवतींना चार दिवस स्वयंपाकघराचे तोंड पाहायचे नव्हते आणि मला ताजे मासे हवे होते.

२४ ऑक्टोबरला, विधानसभेच्या निकालाच्या दिवशी, पहाटेच निघालो. वाटेत कोल्हापूरला चहा घेतला. ऑगस्टमधल्या महापुराच्या खुणा अजून भिंतींवर होत्या. गगनबावडा आला आणि पावसाने गाठले. करूळ घाट उतरलो तर खाली कोकणात कापणीला आलेले पिवळे भात शेतात आडवे पडून भिजत होते. मुलांना ते दृश्य मोठे रम्य वाटले. आई मात्र शेतकऱ्याच्या घरातली, ती खिडकीची काच वर करून म्हणाली, "घास तोंडाशी आला होता रे!"

आमचा मुक्काम 'निवास-न्याहारी'च्या घरी होता. माडांच्या वाडीत कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर आणि वाडी संपते तेथे सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. घरमालक काकांचे पोट तीन गोष्टींवर चाले: पाहुण्यांच्या चार खोल्या, पर्यटकांना फिरवायची एक होडी आणि तुकडाभर भातशेती.

२५ तारखेला, धनत्रयोदशीच्या दिवशी, मालवण बंदरात गेलो तर धोक्याचा बावटा लागलेला. किल्ल्याच्या होड्या बंद, बेटावरचे खेळ बंद, बुडी बंद. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग पावसाच्या पडद्याआड करड्या डागासारखा दिसत होता. समुद्रात चक्रीवादळ झाले असून त्याचे नाव 'क्यार' आहे, असे धक्क्यावर कळले. आईला ते गावाकडचे 'क्यार' म्हणजे 'केर' वाटले. "ऐन दिवाळीत कसला क्यार? तो आधी काढायचा असतो!" तिच्या या उद्गाराने धक्क्यावरचे चार खलाशीसुद्धा हसले.

नाव म्यानमारने दिलेले होते. या भागातले देश वादळांच्या नावांची यादी आधीच करून ठेवतात आणि आपली पाळी आली की एक नाव खर्ची पडते. चक्रीवादळाचे खाद्य म्हणजे समुद्राचे ऊन पाणी. अरबी समुद्र त्या बाबतीत बंगालच्या उपसागरापेक्षा गरीब समजला जाई. पण त्या साली हिंदी महासागराची पश्चिमेकडची बाजू नेहमीपेक्षा अधिक तापली होती, आणि एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यांतले सर्वांत दांडगे हेच. रत्नागिरीपासून दोन-अडीचशे किलोमीटरवर ते घुटमळत होते. ते किनाऱ्यावर येणार नाही, असे वेधशाळा सांगत होती. परंतु हत्ती अंगणात आला नाही तरी त्याची सोंड येतेच!

त्या संध्याकाळी वीज गेली, पाठोपाठ मोबाईलही मुके झाले. शेजारच्या खोलीतले मुंबईकर कुटुंब सामान बांधून निघाले. आम्हीही निघावे काय? आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन दिवस पुरतील एवढ्याच होत्या. इकडे समुद्र, मागे नदी, आणि मध्ये ही जमिनीची चिंचोळी पट्टी. मी किल्ली हातात घेतली तेव्हा काका पडवीत आडवे उभे राहिले.

"आजची रात हयच रवा. घाटात झाडां पडली आसतली. दर्याक मी वळखतंय, घाटाक नाय."

आम्ही राहिलो.

दर्याला ओळखणे म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळले. काकांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले. त्रयोदशी. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. तेव्हा भरती पावणेदहाच्या सुमारास, सकाळी आणि रात्रीही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चिरंजीवांना शाळेतले अपूर्णांक त्या दिवशी प्रथमच उपयोगाचे वाटले. काकांनी आणखी एक गोष्ट समजावली. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, आणि अमावास्येला समुद्राला उधाण असते. म्हणजे दिवाळीचे उधाण आणि वादळाचा वारा एकाच वेळी किनाऱ्यावर चालून येणार होते.

सकाळची भरती सुरूच्या झाडांत शिरून परतली. तेव्हा काकांचे लक्ष विहिरीकडे गेले. तिच्यात खारे पाणी उतरले म्हणजे घराचे पिण्याचे पाणी संपले, आणि पाणी नाही तेथे पाहुणे कुठून येणार? दिवसभर सगळी वाडी राबली. आधी दहा-पंधरा जणांनी आळीपाळीने होड्या वर ओढून माडांना बांधल्या. मग वाळूने पोती भरून विहिरीभोवती दोन थरांचा बांध घातला. चिरंजीव फावड्याने वाळू ओढत होते, कन्या पोत्यांची तोंडे धरत होती, आणि खेळांची यादी कुणाच्या ध्यानातही नव्हती. होड्या समुद्रात गेल्या नव्हत्या, म्हणून मासळी नव्हती. काकींनी कुळथाची पिठी आणि भात वाढला. मासे खायला आलेल्या मी तीन वेळा पिठी मागून घेतली. चार दिवस स्वयंपाकघराचे तोंड न पाहणाऱ्या आमच्या सौभाग्यवती चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजत होत्या.

रात्र झाली. माडांचे शेंडे असे वाकत की आता मोडतील असे वाटे. झावळ्या धपाधप पडत होत्या. आईने कंदिलाच्या उजेडात नातवंडांना जवळ घेऊन रामरक्षा सुरू केली. नऊ वाजल्यापासून काका बॅटरी घेऊन विहिरीपाशी उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी. समुद्र आणि विहीर यांच्या मध्ये तीन माड होते. साडेनऊला पाणी पहिल्या माडाच्या बुंध्याला लागले. दहाच्या आधीच दुसऱ्याला लागले आणि त्याच्या पुढे फेसाची एक जीभ आली. काका बोलत नव्हते. तिसऱ्या माडापासून विहिरीची पोती दहा पावलांवर होती. फेस आला, परतला, पुन्हा आला. तिसरा माड ओला झाला. नंतर आलेली लाट त्याच्या अलीकडेच थांबली, आणि तिच्या मागची दुसऱ्या माडापाशी. काकांनी बॅटरी विझवली. "ओहोटी लागली," एवढेच ते म्हणाले आणि पायरीवर मटकन बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नरकचतुर्दशी. विहिरीचे पाणी तापवून अभ्यंगस्नाने झाली. तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडताना कन्येने 'गोविंदा' अशी आरोळी ठोकली. काकींनी गुळाचे, दह्याचे, तिखट असे नाना तऱ्हेचे पोहे केले. सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. पावसाचा जोर ओसरला होता. त्याच दिवशी समुद्रात 'क्यार'ने ताशी २४० किलोमीटर वाऱ्याचे महाचक्रीवादळाचे रूप धारण केले. २००७ सालच्या 'गोनू'नंतर अरबी समुद्राने असे वादळ पाहिले नव्हते. पण तोवर त्याने पश्चिमेची, ओमानकडची वाट धरली होती. पुढे ते समुद्रातच विरले.

किनाऱ्याला न शिवलेल्या या वादळाने किनाऱ्याचे काय नेले, ते मात्र डोळ्यांपुढे होते. काकांच्या शेतातल्या आडव्या भाताला जागीच कोंब फुटले होते. मासेमारीचे दिवस वाया गेले होते. ज्या दिवाळीच्या पंधरवड्यावर होडीचे कर्ज फिटायचे तो पंधरवडा धुऊन गेला होता. शिवाय 'महा' नावाचे दुसरे वादळ चार दिवसांतच यायचे होते. आमची बुडली ती सुटी. त्यांचे बुडाले ते वर्ष.

पाडव्याला निघताना पैसे देऊ लागलो तर काका निम्म्या नोटा परत करू लागले. "खेळ झालेच नाय, मगे पैशे कित्याक?" मला शब्द सुचेना. सौभाग्यवतींनी त्या नोटा काकींच्या मुठीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "ही पुढच्या दिवाळीची विसार. खोली आमचीच."

वादळ हे समुद्रकाठच्या माणसांचे दुखणे, अशी आम्हा घाटावरच्या लोकांची समजूत असते. ती पुढच्याच जून महिन्यात संपली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगड जिल्ह्यात दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढले आणि तेथेच न थांबता सह्याद्री ओलांडून आमच्या अंगणात आले. मुळशी-मावळात घरांचे पत्रे उडाले, फुलांची हरितगृहे फाटली. टाळेबंदीमुळे अवघे माण घरातच होते. आमच्या इमारतीसमोरचा गुलमोहर मुळासकट आडवा झाला, वीज गेली. सकाळी, वारा सुटण्याआधीच, फोन वाजला होता. मालवणहून काका बोलत होते.

"आज भायर पडा नको. पाणी भरून ठेवलास मां?"

चिरंजीवांनी घरातली सगळी भांडी तासापूर्वीच भरून ठेवली होती.