न्हाणीच्या दारावरच्या नोंदी



बेळगावचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एकदा लागला की कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं आणि घरातलं लोखंड तांबडं व्हायला लागतं. म्हणून मृग लागायच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी, माझं एक ठरलेलं काम असतं. मागच्या दारी पोतं अंथरायचं, बंब उपडा घालायचा आणि त्याचे चार बोल्ट सोडून, पुसून परत लावायचे. दोन तास जातात. बायको दरवर्षी विचारते, "घरात गीझर असताना हे कशाला?" बरोबरच आहे तिचं. आता बंब पेटतो तो दिवाळीच्या आंघोळींना, नाहीतर पावसात दोन-दोन दिवस वीज गेली की.

बंब तांब्याचा, आजोबांच्या वेळचा. मधून धुराची नळी, भोवती पाणी, खाली बिडाची जाळी, पितळी तोटी. तुमच्याही घरी असेल किंवा होता. मूळ पाय रिव्हेटचे होते. ते डुगडुगायला लागले तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लोखंडी पट्टीचं कडं करून त्याला तीन पाय दिले, कड्यावर जाळी बसवली आणि बंबाच्या खालच्या काठाला चार तीन-सुती बोल्टांनी ते जोडलं. अप्पा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. त्यांच्या हातचं काम म्हणजे बघायला नको.

पण कडं लावल्यापासून दर मे महिन्यात ते बोल्ट सोडायचा त्यांचा नेम सुरू झाला. आटे ब्रशने साफ करायचे, एका डब्यातलं काहीतरी काळं कालवण बोटाने लावायचे, नट आवळून किंचित मागे घ्यायचे. मग कानावरची सुतारी पेन्सिल काढून न्हाणीच्या दाराच्या आतल्या बाजूला साल लिहायचे. ६८, ६९, ७० असे आकडे, एकाखाली एक.

मी बी.कॉम. झालो, १९७४ साली बँकेत लागलो. मला हा सगळा प्रकार हास्यास्पद वाटायचा. चांगला घट्ट बसलेला नट दरवर्षी सोडायचा कशाला, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "घट्ट कोण बी करतंय. सुटायला पायजे."

१९८६ च्या दिवाळीनंतर अप्पांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. चालायला काठी लागायची, वाकता यायचं नाही. मी तेव्हा रायचूरला, मग कारवारला. मे महिन्यात रजेवर घरी आलो की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते विचारायचे, "बंब उघडलास काय रे?"

पहिल्या वर्षी मी म्हटलं, "होय, उघडला."

उघडला नव्हता. मुलांना घेऊन गोव्याला जायचं होतं, राहून गेलं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढे पुढे तर 'होय' म्हणायला काही वाटेनासं झालं. आईला माहीत होतं, कारण रोज पहाटे करवंट्या आणि ढलप्या घालून बंब पेटवणारी तीच. ती काही बोलली नाही.

१९९३ च्या डिसेंबरात जाळी जळून मधोमध खचली. राख पडायच्या ऐवजी निखारेच खाली पडायला लागले. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. नवीन जाळी आणली, रविवारी सकाळी बंब मागच्या दारी आणून उपडा घातला. अप्पा खुर्ची टाकून बघायला बसले. नट बघितले आणि माझ्या पोटात गोळा आला. नट कुठे संपतो आणि कडं कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं, नुसती तांबडी खपली.

आता त्याचं कारण सांगू शकतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो आट्यांच्या फटीत भरतो आणि नटाला पकडतो. वर लाकडाची राख. तिच्यात पोटॅश असतो, ती हवेतली ओल ओढून घेते. त्यात तांब्याला लोखंड टेकलेलं. ओल आली की दोघांत गंजायचं ते लोखंड. आणि रोज तापणं, गार होणं.

अप्पांनी नटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. म्हणाले, "आधी जरासा आवळ, मग सोड. नाही हलला तर तेल घालून रात्रभर ठेव. उद्या परत घाल."

उद्या मला कारवारला ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. मी पान्याच्या दांड्याला हातभर पाइप अडकवला. अप्पा म्हणाले, "जोर का लावालास? थांब की." मी थांबलो नाही. पहिला बोल्ट कटकन मोडला. दुसरा मोडला नाही. तो फिरला तो तांब्याच्या काठाला घेऊनच. काठ फाटला आणि फाट वर तळाच्या सांध्यापर्यंत गेली. बादलीभर पाणी ओतून बघितलं तर सांध्यातून धार.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "हात धू."

मी हात धुवायला न्हाणीत गेलो, दार लावलं, आणि तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ८६ पर्यंत त्यांचे सरळ, ठाशीव आकडे. त्याखाली वाकडेतिकडे, लहान मुलाने काढावेत तसे, ८७, ८८, ८९… ९३ पर्यंत. डाव्या हाताने लिहिलेले. माझ्या 'होय'वर विसंबून केलेल्या सात नोंदी. मी बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर सह्या तपासल्या, मंडळी.

तांबटाकडे नेतो, नेतो म्हणत मी बंब नेला नाही. अप्पा त्यानंतर दोन वर्षं होते. रॉडने तापवलेल्या बादलीवर आंघोळ करायचे. बंबाबद्दल कधी बोलले नाहीत, मे महिन्यात विचारायचंही बंद केलं. १९९६ च्या जानेवारीत गेले.

त्या उन्हाळ्यात बंब तांबटाकडे नेला. त्याने ठिगळ लावून डाख दिला आणि दटावलं, की पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर डाख वितळेल. बोल्ट मीच बसवले. अप्पा काय लावायचे ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं, म्हणून स्कूटरचं ग्रीस लावलं. वर्षभरात त्याची डांबरासारखी कडक खपली झाली. मग महागाचे स्टेनलेसचे नट-बोल्ट आणले. गंजणारच नाहीत तर अडकतील कसे, हा माझा हिशेब. पुढच्या मेमध्ये एक नट निम्म्यावर येऊन असा बसला की हॅक्सॉने कापावा लागला.

शेवटी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्या ओळखीच्यांनी समजावलं. स्टेनलेसवर स्टेनलेस दाबून घासलं की आटे एकमेकांना चिकटून बसतात. जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत बोल्टही आगीजवळ नको, जस्त जळतं आणि त्याचा धूर वाईट. साधा लोखंडी बोल्ट घ्या, नट पितळेचा घ्या, म्हणजे दोन्ही एकमेकांत गंजून एक होत नाहीत. तेल जळून जातं, पण ग्राफाइट टिकतं, म्हणून ग्राफाइटची पूड तेलात कालवून आट्यांना लावा. आता कॉपर पेस्टही मिळते. त्यांनी कागदावर काळी पूड ओतून दाखवली. अप्पांच्या डब्यातलं तेच.

तेव्हापासून चुकलेलं नाही. पेटवणं संपलं की राख त्याच दिवशी काढतो, बंबात ठेवून पावसाळा काढू देत नाही. आवळल्यावर पाव फेरा मागे घेतो, तांबं तापून फुगतं त्याला जागा लागते. न्हाणीला नवीन फरशी केली, नवीन रंग दिला, पण रंगाऱ्याला सांगून दाराची ती आतली फळी तशीच ठेवली. ९७ पासून खाली माझे आकडे आहेत.

बँकेत चुकीची नोंद खोडता येत नाही, उलट नोंद घालावी लागते. त्या सातांची ती मला अजून सुचलेली नाही. यंदा नातू बरोबर होता. चारही नट हाताने सुटले, शेवटच्याला फक्त पाना लागला. त्याने पेन्सिल मागितली, २५ लिहिलं आणि वर बोट दाखवून विचारलं, "आजोबा, हे एवढे वाकडे कुणी लिहिलेत?"

मी म्हटलं, "माझ्या अप्पांनी. डाव्या हातानं."

"का?"

मग पोत्यावर बसून त्याला हे सगळं सांगितलं.