मुदत हाडाची, तगादा रोवणीचा

नागपूरचा शल्यचिकित्सक खुब्याची उथळ वाटी श्रोणीपासून सोडवतो, मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर तिचे छत्र नीट येईल अशी ती फिरवतो, स्क्रूंनी पक्की करतो आणि काही तासांत मोकळा होतो; रुग्ण धानोऱ्याला परतला, म्हणजे माझ्यासारख्या भौतिकोपचारकाचे काम सुरू होते आणि ते महिनोन्‌महिने चालते. बर्न येथील राइनहोल्ड गान्त्स यांनी १९८४ साली प्रथम केलेल्या या शस्त्रक्रियेत श्रोणीचा मागला खांब अखंड राखलेला असल्यामुळे रुग्ण थोड्याच दिवसांत कुबड्यांवर उभा राहतो, आणि नेमके हे उभे राहणेच घरच्यांना फसवते.

वय, वजन, कूर्चेची झीज या गोष्टी शल्यचिकित्सकाने आधीच तोललेल्या असतात. खर्ऱ्याची पुडी मात्र माझ्या वाट्याला येते. तंबाखूने हाड सांधायला विलंब लागतो, हे मी प्रत्येक घरी सांगतो. त्याहून बिकट गोष्ट पंचांगातली.

मुरूमगावच्या वाटेवरील एका गावी, आषाढात, शस्त्रक्रियेनंतरच्या सातव्या आठवड्यात एका तरुण बाईच्या घरी गेलो, तर कुबड्या कुडाला टेकलेल्या, त्यांच्या रबरी टोपणांवर चिखलाचा ठिपकाही नाही, आणि ती स्वतः घोटाभर चिखलात वाकून रोवणी करीत होती. "रोवणं लागलं, घरी कशी बसून राहू?" असे तिने विचारले. धुऱ्यावरून ती येत असता शस्त्रक्रियेचा पाय टेकताच पलीकडची कंबर खाली जात होती. म्हणजे खुब्याच्या बाजूचे स्नायू अद्याप दुर्बळ होते. मी रागावलो नाही. तिच्या सासूबाईंशी बोलून तजवीज केली, ती अशी की बांधीकडेला उंच बाज टाकावी आणि तिने तीवर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधाव्यात. कामात तिची गणती राहिली आणि खुबाही फार दुमडला नाही.

चातगावजवळच्या शोधग्रामातील रुग्णालयात नातलगांसाठीही झोपड्या आहेत, याचे मोल मला तेव्हा उमगले. बरे व्हायचे ते एकट्या रुग्णाने नव्हे.

म्हणून शल्यचिकित्सकांना विनंती, की आमच्या रुग्णाला तारीख देताना त्याची बांधी किती आणि रोवणीला घरात हात किती, एवढे विचारावे. निकड नसेल तर पौष धरावा. त्या वर्षी चैत्रातली मोहफुले इतरांनी वेचावीत. पौषात धान घरात आलेले असते आणि आषाढाला सहा महिने उरलेले असतात.